खालच्या टोकाचा माणूस

दाजी हे काही त्याचं नाव नव्हे. त्याला दाजी म्हणायचा हक्क खरं तर एकट्या मेहुण्याचा. पण दोघांनी मिळून उभी हयात लोकांचं घरसामान हलवण्यात घालवली. मेहुणा दिवसभर जिन्यात 'दाजी, डावीकडे', 'दाजी, कठडा बघा' करत राहायचा. मग टेम्पोवाला दाजी म्हणायला लागला, इमारतींचे वॉचमन म्हणायला लागले, आणि ज्यांचं सामान हलवायचं ती माणसंही. एकदा सत्तरी उलटलेल्या एका बाईंनी 'अहो दाजी, माझं शिवणाचं मशीन जपून हां' म्हटलं, तर मेहुणा आठवडाभर हसत होता. सगळ्या गावाचा दाजी झाला होता हा बाबा.

या धंद्यात जिना हेच खरं काम. सपाटीवर काय, कपाट कोणीही ढकलेल. जिन्यावरून उतरवताना मात्र एक माणूस वर लागतो आणि एक खाली. वजन येतं ते खालच्यावर. त्याला समोरच्या फळीशिवाय काही दिसत नाही, पायरी पायानंच चाचपायची. वरचा धरतो, वळवतो आणि बघतो. म्हणून बोलायचं काम वरच्याचं. दम घ्यायचा असला की वरचा 'टेकव' म्हणतो, आणि ते कानावर पडलं की खालच्यानं ओझं टेकवायचं, का म्हणून विचारायचं नाही. खालच्यानं स्वतःहून 'टेकव' कधीच म्हणायचं नाही. ओझ्याखाली तोच उभा असतो. त्याच्या शब्दावर वरच्यानं हात सैल सोडला तर कपाट येणार कोणाच्या अंगावर? म्हणून खालच्याला बोलायला एकच शब्द ठेवलेला. वजन अंगावर आलं की 'घेतलं' म्हणायचं आणि उतरायला लागायचं. जिन्यावर अहो-जाहोही नसतं. एरवी 'दाजी, तुम्ही बसा, मी चहा सांगतो' म्हणून मान देणारा मेहुणा ओझं हातात असताना बिनदिक्कत 'टेकव' म्हणायचा, आणि दाजीला त्याचं कधी काही वाटलं नाही.

दाजी कायम खाली. मेहुणा त्याच्यापेक्षा उंच आणि वयानं लहान, त्यामुळे खालची बाजू खरं तर त्याला जास्त शोभली असती. पण पहिल्या दिवशी तो मिसरूडही न फुटलेला पोरगा होता, आणि दाजीच्या बायकोनं, म्हणजे त्याच्या ताईनं, निघताना बजावलं होतं की माझ्या भावाला जपा, त्याला जड बाजू देऊ नका. दाजीनं त्या दिवशी खालची बाजू धरली ती धरलीच. पुढे मेहुण्याला टक्कल पडायला लागलं तरी सोडली नाही.

मग ती गेली. दुपारची वेळ होती, दोघं त्या दिवशी घरीच होते. छातीत दुखतंय म्हणाली आणि घामानं भिजली. घर चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. अ‍ॅम्ब्युलन्स खाली येऊन उभी राहिली, पण त्यांचं स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर फिरेना. तेव्हा या दोघांनी तिला जेवणाच्या खुर्चीत बसवलं, चादरीनं बांधलं आणि खाली आणलं. दाजी खाली, मेहुणा वर, नेहमीसारखं. हॉस्पिटलच्या फाटकातून गाडी आत जायच्या आधीच ती संपली होती.

मेहुणा ढसाढसा रडला, नुसता त्या दिवशी नाही, पुढे कितीतरी दिवस. चहाच्या टपरीवर रडायचा, टेम्पोत मागे बसून रडायचा. दाजी नाही रडला. लोक म्हणाले, धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा! त्याला काही वाटतच नव्हतं. चहा गरम असला तरी तसाच पिऊन टाकायचा, गार झाला तरी तसाच. लेक बँकेत नोकरीला होती, बापाचा जीव की प्राण. ती एकदा त्याच्यासमोर बसून म्हणाली, "बाबा, एकदा रडून घ्या ना." तो "बघू" म्हणाला. कोणी पुढच्या आठवड्यात सामान हलवायचं आहे म्हणून विचारावं आणि यानं बघू म्हणावं, तसं. लेकीला हसावं की रडावं कळेना.

आणि गुडघा दुखायला लागला. उजवा. अख्खा गुडघा नाही हां, वाटीच्या बरोबर खाली, बोट ठेवून दाखवता येईल एवढीच जागा. चढताना फारसं नाही, उतरताना कळ. दाजी म्हणाला होईल बरा. त्यानं बाम चोळला, पट्टा बांधला, शेक घेतला; गुडघा ढिम्म. मग कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन त्यानं एक इंजेक्शन मारून घेतलं, आणि जादूच झाली. दुखणं गेलं म्हणजे गेलंच. आमचे हे महाशय त्याच आठवड्यात एक फ्रीज आणि एक लोखंडी कपाट घेऊन जिन्यावर हजर. पुढे औषधाचा असर ओसरला, तेव्हा गुडघ्यानं सगळी कसर भरून काढली. सपाट रस्त्यावरही तो पाय ओढत चालायला लागला.

शेवटी मेहुण्यानंच त्याला गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, जवळजवळ बखोट धरून. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय. झाली दोनेक वर्षं. सुरुवातीला काही घडलं होतं का? दाजी म्हणाला, एक फ्रीज उतरवत होतो, पाय चुकला. शेजारी बसलेल्या मेहुण्यानं मान खाली घातली. तसला कुठलाही फ्रीज नव्हता, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण तो बुटाची नाडी बांधत बसला.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि पडद्यावर बोट ठेवून समजावलं. गुडघ्याच्या वाटीला नडगीशी बांधणारी एक दोरी असते, टेंडन म्हणतात तिला. दाजीच्या दोरीचे पीळ आतून सुटले होते. ही साधी सूज नव्हे, इतक्या वर्षांची झीज. नुसतं बसून राहिलात तर दोरी आणखी मऊ पडेल, आणि तसंच ओझं उचलत राहिलात तर आणखी उसवेल, ते म्हणाले. आधी घेतलेलं ते इंजेक्शन दुखणं दाबून ठेवायचं होतं, दोरीला त्याचा काही उपयोग नाही. आता आपण दुसरं करून बघू. तुमचंच रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं आणि त्यातला पिवळसर भाग त्या उसवलेल्या जागेत सोडायचा. काहींना गुण येतो, काहींना येत नाही, मी खोटं सांगणार नाही. आणि आला तरी ती नुसती सुरुवात. दोरी घट्ट होते ती व्यायामानं, आणि त्याला महिने लागतात.

दाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "खालची बाजू धरता येईल का?"

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. मेहुण्यानं उलगडून सांगितल्यावर ते म्हणाले, आत्ता नाही सांगता येणार, आधी व्यायाम करा, मग बोलू.

दाजीला एवढी घाई का, तेही सांगायला हवं. मेहुण्याला एका गोदामात नोकरी सांगून आली होती. सामान उचलायची गाडी चालवायची, बसून काम, पगार वेळच्या वेळी. मेहुण्याच्या घरच्यांचा आग्रह होताच, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. दाजी लंगडत असताना मेहुणा एकटा करणार काय? कुठल्या तरी अनोळखी माणसाला खाली घालून एक-दोन कामं त्यानं केली होती, आणि दोन्ही वेळा कपाटाचे कोपरे फुटले. तरी त्यानं गोदामवाल्यांना थोपवून धरलं होतं. दाजीचा गुडघा बघतो, मग सांगतो, असं. दाजीला हे ठाऊक होतं. बायको गेल्यापासून सकाळी अंथरुणातून उठायला त्याच्याकडे एकच कारण उरलं होतं, ते म्हणजे खाली रस्त्यावर मेहुणा टेम्पोपाशी उभा असणार. जोडी मोडली की तेही संपणार होतं. त्याला दुःख होत नव्हतं हे खरं, पण हे संपू नये एवढं मात्र कळत होतं.

इंजेक्शनच्या दिवशी दंडातून रक्त काढताना बघूनच मेहुण्याला घेरी आली, नर्सनं त्याला बाहेर नेऊन बसवलं. दाजी आडवा पडून पडद्याकडे बघत होता. वरची कातडी बधिर केली होती, पण आतल्या दोरीत सुई शिरताना दुखतं, दुखलं की सांगा, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पडद्यावर राखाडी पट्टे दिसत होते, त्यात एक पांढरी रेघ पुढेमागे होत होती. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, दुखतंय का. तो नाही म्हणाला. नर्स म्हणाली, एवढे शांत पेशंट आम्ही बघितले नाहीत. दाजीला त्या कौतुकाचं काय करावं कळेना. तो पाय दुसऱ्या कोणाचा तरी आहे आणि आपण सोबतीला आलोय, असं त्याला वाटत होतं.

पुढचे काही दिवस गुडघा ठणकला. दुखायची गोळी घ्यायची नाही अशी ताकीद होती, लेक घरातल्या सगळ्या गोळ्या पर्समध्ये घालून बँकेत घेऊन जायची. ठणका उतरल्यावर त्याला फिजिओकडे पाठवलं.

फिजिओ म्हणजे लेकीच्याच वयाची मुलगी, बारीक चणीची, तोंडाचा पट्टा सतत चालू. एका भिंतीला आरसा, दुसऱ्या भिंतीशी पाय दाबायचं मशीन, मधे लाकडाची एक उतरती फळी. त्या फळीवर एका पायावर उभं राहायचं आणि अगदी सावकाश गुडघा वाकवायचा. भिंतीला पाठ टेकवून, खाली खुर्ची आहे असं समजून अधांतरी बसायचं. मशीनवर वजन लावून पाय दाबायचा, तोही घाई न करता. तिनं पहिल्याच दिवशी नियम सांगितला. व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरायचं नाही, दोरीला ताण बसल्याशिवाय ती घट्ट होत नाही. पण किती दुखतंय ते मला दहापैकी आकड्यात सांगायचं. तीन-चारपर्यंत ठीक. वर गेलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना जास्त दुखलं, की वजन कमी करायचं. तुमच्या आकड्यावरच माझं सगळं गणित चालतं, काका, असं ती म्हणाली.

झालं. दाजीनं तीन हा आकडा धरून ठेवला. तिनं विचारलं की तीन. वजन वाढवलं, तरी तीन. घामाचे थेंब फळीवर पडतायत, पाय थरथरतोय, आणि तोंडातून तीन. ती बिचारी खूष. असा पेशंट मिळाला तर महिनाभरात जिन्यावर चढवीन म्हणाली, आणि वजन वाढवत गेली.

एका सकाळी दूध आणायला खाली जाताना गुडघ्यानं दगा दिला. दाजी कठड्याला लटकला म्हणून वाचला. गुडघा इतका तापला की पाय लांब करता येईना. पुन्हा डॉक्टर, पुन्हा सोनोग्राफी. दोरी तुटली नव्हती, नशीब, पण कमावलेलं सगळं पाण्यात गेलं होतं. गोदामवाल्यांचा मेहुण्याला फोन आला, आणि त्यानं गयावया करून आणखी मुदत मागून घेतली.

फिजिओ मुलगी चांगलीच तापली. एवढं दुखत असताना तीन कसं सांगितलं, तुमच्या शब्दावर मी वजन चढवत होते, तुमचा पाय कायमचा गेला असता म्हणजे? शेवटी मेहुण्यानंच तिला जिन्याचा नियम समजावला. खालच्यानं दुखतं म्हणायचं नसतं, थांबा म्हणायचं नसतं, घेतलं म्हणायचं आणि उतरायचं. आमचे दाजी तर खालून कधीच बोललेले नाहीत. हे सांगताना त्याच्या आवाजात थोडी ऐट होती, हे कबूल करायला हवं.

मुलीनं ऐकून घेतलं. मग तिनं दाजीला सरळ विचारलं, तुम्ही मुद्दाम लपवता की तुम्हाला कळत नाही?

"खरं सांगू?" दाजी म्हणाला. "कळत नाही. दुखत असेल. पण माझ्यापर्यंत येतच नाही."

तिच्याकडे यावर काही मशीन नव्हतं. ती थोडा वेळ पट्ट्या गुंडाळत राहिली. मग म्हणाली, साधी गोष्ट आहे, बाजू बदला ना. उतरताना हे मामा खाली, तुम्ही वर. गुडघ्यावरचा भार कितीतरी कमी होईल. दोघांनाही काम सोडायला नको.

तिला वाटलं, आपण काय अक्कल काढली. आणि खरंच काढली होती. पण दोघांचीही दातखीळ बसली. दाजी आरशात बघत बसला, मेहुणा दाराबाहेर. कोणी नाही म्हणालं नाही, कोणी हो म्हणालं नाही. बरं, राहिलं, असं म्हणून तिनं विषय सोडून दिला. मात्र आकडा विचारणं तिनं त्या दिवसापासून बंद केलं. दाजीच्या पुढ्यात स्टूल घेऊन बसली आणि म्हणाली, "इथं वरची मी. तुमचा चेहरा मी बघणार. मी टेकव म्हटलं की टेकवायचं, का म्हणून विचारायचं नाही."

हे मात्र दाजीच्या डोक्यात नीट शिरलं. तिनं म्हटलं की वजन खाली. ओठ आवळले की टेकव, श्वास अडला की टेकव. पोरगी नजरेची तयार होती. पावसाळा सरला, थंडी आली, आणि हळूहळू गुडघा वळणावर यायला लागला. सकाळची पहिली पावलं हलकी पडू लागली. एक दिवस आपण कठडा न धरता खाली आलो हे दाजीच्या लक्षात आलं, आणि त्यानं ते लेकीला सांगितलं. लेक केवढी नाचली. त्याला मात्र आनंद वगैरे काही झाला नाही. गुडघा बरा झाला होता, बाकीचा माणूस होता तिथंच होता.

त्याच सुमाराला लेकीनं ऑफिसजवळ स्वतःपुरतं घर बघितलं, तळमजल्यावर. तिला आईचं कपाट हवं होतं, लाकडी, दोन दारांचं. बाबा, परक्या माणसांना हात लावू देणार नाही, म्हणाली. दाजीनं फिजिओला विचारलं. तिनं डॉक्टरांना विचारलं. रिकामं करून, थांबत थांबत, एवढ्या अटीवर परवानगी मिळाली. इकडे गोदामवाल्यांनी मेहुण्याला निर्वाणीचं सांगितलं होतं, सोमवारी हो किंवा नाही. तेव्हा रविवारी ते कपाट चौथ्या मजल्यावरून खाली येतं की नाही, यावर सगळं ठरणार होतं. तसं कोणी बोललं नाही. पण तिघांनाही ते माहीत होतं.

लेकीनं आईच्या साड्या पिशव्यांत भरल्या, दारं उतरवून घेतली, आणि खाली टेम्पोपाशी जाऊन उभी राहिली. वर दोघंच उरले. उंबऱ्यात कपाट तिरकं करताना मेहुणा एकदम म्हणाला, मी होऊ का खाली? इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्यानं. दाजीनं मान हलवली आणि खालची कड धरली. कपाट कललं, वजन छातीवर आलं.

"घेतलं," दाजी म्हणाला.

सुरुवातीच्या पायऱ्यांवर वाटीखाली थोडी कळ आली, ओळखीची, व्यायामातली. दोरी ताणली जात होती आणि धरून राहत होती. पाय खंबीर पडत होता. वरून मेहुण्याचं चालू होतं, डावीकडे, आणखी थोडं, कठडा. जणू मधे काही घडलंच नाही. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर शेजाऱ्यांचा चपलांचा स्टँड आहे. त्या सपाट जागेवर दाजीची टाच टेकली आणि त्याचे हात थांबले.

"टेकव."

मेहुण्याला वाटलं आपणच म्हणालो की काय. खालून हा शब्द त्यानं जन्मात ऐकला नव्हता. पण हातांना सवय होती, कपाट खाली आलं. गुडघा का, त्यानं घाबरून विचारलं. दाजी म्हणाला, गुडघा ठीक आहे. आणि चपलांच्या स्टँडशेजारी पायरीवर बसला. मेहुणा कपाटाच्या वरच्या अंगाला, तोही बसला. मधे ते कपाट, त्यामुळे एकमेकांची तोंडं दिसत नव्हती.

"फ्रीज नव्हता तो," दाजी म्हणाला.

"माहीत आहे."

"इथं म्हणाली ती. टेकवा ना थोडं, म्हणाली. माझ्याच तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, आलंच आता खाली. आणि पुढची पायरी उतरलो. तेव्हाच गेला गुडघा. ती थोडी टेकली असती तर... तू मागे होतास. तुला ऐकू आलं नसेल."

"आलं होतं," मेहुणा म्हणाला. "ताईचं डोकं माझ्या पोटाशी होतं. ऐकू आलं होतं, दाजी. टेकव म्हणायचं काम माझं. खालच्यानं कसं म्हणायचं? तुम्ही माझ्या शब्दाची वाट बघत असाल, असं मला वाटलं. आणि मला वाटलं, थांबलो तर उशीर होईल. मी नाही म्हटलं."

टपरीवर आणि टेम्पोत मेहुणा का रडायचा, ते दाजीला आत्ता कळलं. बाजू बदला म्हटल्यावर दोघांचीही दातखीळ का बसली, तेही. दाजीला खालची बाजू सोडायची नव्हती, कारण आपल्या हातून झालेल्याची तेवढीच शिक्षा त्याच्याकडे होती. आणि मेहुण्याला ती मागायचं तोंड नव्हतं, कारण वरचा म्हणून जे करायचं तेच त्यानं केलं नव्हतं. दोन वर्षांहून जास्त काळ दोघं एकाच टेम्पोत बसून, एकाच किटलीतला चहा पिऊन, आपापलं ओझं दुसऱ्यापासून लपवत हिंडले होते.

मग दाजीच्या छातीत कळ आली. पहिल्यांदाच ती त्याच्यापर्यंत पोचली आणि सणकून दुखलं. त्यानं कपाटाच्या कडेला डोकं टेकवलं. लाकडाला अजून तिच्या कपड्यांचा वास होता. फिजिओ मुलीनं या घडीला आकडा विचारला असता तर त्यानं खरा सांगितला असता.

खालून लेकीची हाक आली, मामा, अडकलं का काय?

दाजीनंच ओरडून सांगितलं, "नाही गं. टेकवलंय थोडं."

बऱ्याच वेळानं तो उठला. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीतून अंग चोरून वर आला.

"तू खाली हो," तो मेहुण्याला म्हणाला.

"ताई म्हणाली होती..."

"ती म्हणाली तेव्हा तू पोरगा होतास. आता टक्कल पडलं तुला. हो खाली."

मेहुणा त्याच फटीतून कसाबसा खाली गेला, नाक ओढत. त्यानं कड धरली. दाजीनं वरून कपाट कलतं केलं. खालून घोगऱ्या आवाजात 'घेतलं' आलं. दाजीला आयुष्यात पहिल्यांदा ओझ्यापुढचा अख्खा जिना दिसत होता, कठडा, पायऱ्या, वळण, आणि मेहुण्याचं घामेजलेलं डोकं. डावीकडे, तो म्हणाला. आणखी थोडं. कठडा बघ.

पुढचं वळण आलं. गुडघा दुखत नव्हता, मेहुण्याला दम लागला नव्हता, खाली लेक वाट बघत होती आणि टेम्पोवाला घड्याळ बघत होता.

"टेकव," दाजी म्हणाला.

मेहुण्यानं टेकवलं. का म्हणून विचारलं नाही.